मेथीच्या त्या जुडीबद्दल

नमस्कार ताई,

‘विषमुक्त भाजी’ हा फलक वाचून तुम्ही आमच्याकडून मेथी नेली, प्रयोगशाळेत दिली आणि तीत मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. विचारायला आलात तर काउंटरवरच्या मुलाने ‘मिठाच्या पाण्यात धुवा, सगळं जातं’ म्हणून वाटेला लावलं. ही सरळ फसवणूक आहे, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही जोडलेला अहवाल मी दोनदा वाचला. चूक आमची आहे.

त्या आठवड्यात पाऊस हटत नव्हता. जुन्नरकडच्या आमच्या नेहमीच्या शेतकऱ्यांची मेथी वाफ्यातच सडली. गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून मी पहाटे मार्केट यार्डातून माल उचलला आणि त्याच क्रेटमध्ये, त्याच फलकाखाली ठेवला. कुणाच्या रानातला, कधी फवारलेला, काही ठाऊक नव्हतं. ज्याने पिकवला त्याने तो विषमुक्त म्हणून विकला नव्हता. तसं मी म्हटलं.

‘प्रमाण अगदी थोडं होतं’ असं उत्तर द्या, असं एका स्नेह्यांनी सुचवलं. ते मी देणार नाही. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, औषधाच्या उरलेल्या अंशाची मर्यादा ठरवलेली नसेल तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १०० टन भाजीत १ ग्रॅम. ही काही विषबाधेची रेषा नव्हे, हे खरं. पण मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे. ते त्या पानांवर यायलाच नको होतं.

धुण्याबद्दल त्या मुलाला रागावू नका, त्याला ते मीच शिकवलं होतं. पानावर बसलेलं औषध वाहत्या पाण्याने काही अंशी निघतं. मोनोक्रोटोफॉस मात्र आंतरप्रवाही आहे, पानाच्या आत भिनतं. मीठ लावा नाहीतर व्हिनेगर, आतलं बाहेर येत नाही. त्यात मेथी महिनाभराचं पीक. मावा या किडीसाठी फवारली आणि भाव चढला म्हणून चार दिवसांत उपटली, की औषध विरायला वेळच उरत नाही.

फलक त्याच दिवशी उतरवला. आता प्रत्येक क्रेटवर गाव, शेवटची फवारणी कशाची व कधी, आणि काढणीची तारीख लिहितो. बाजारातून आणलेला माल वेगळा, तसं स्पष्ट लिहून. महिन्याला एक नमुना एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जाईल. पण अहवाल हातात येईपर्यंत ती मेथी लोकांच्या ताटात जाऊन आलेली असते, म्हणून माझा खरा भर शेतकऱ्याच्या फवारणीच्या वहीवर राहील. ती वही दुकानात ठेवली आहे, कुणीही चाळावी.

पालेभाजी खाणंच सोडलं असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र करू नका. आमच्याकडून घेऊ नका हवं तर, पण घरातल्या मुलांच्या ताटातून मेथी-पालक काढू नका.

जुडीचे पैसे आणि तपासणीचा खर्च मी देणं लागतो. पावती घेऊन या, सकाळी ७ ते ११ मी स्वतः दुकानात असतो.