‘पोपने लिहिला, युरोपने पाळला’: चर्चच्या कायद्याबद्दल फिरणारा एक दावा

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. थोडक्यात असा: ‘मध्ययुगात पोपने स्वतःच्या मर्जीने कायद्याचं एक पुस्तक लिहिलं आणि अख्ख्या युरोपवर लादलं. ते बनावट कागदांवर उभं होतं. त्यात आरोपीला बाजू मांडायची सोय नव्हती; चेटकीण ठरवा आणि जाळा, पाखंडी ठरवा आणि जाळा. १७८९च्या क्रांतीने हा कायदा गाडला.’ यातलं दुसरं वाक्य अर्धं खरं आहे, तिसऱ्यातही दखल घ्यावी असं काही आहे. पहिलं मात्र साफ चूक आहे, आणि गंमत तिथेच आहे.

‘पोपने पुस्तक लिहिलं.’ पहिली हजारबाराशे वर्षं असं पुस्तकच नव्हतं. होते ते ढीग: बिशपांच्या परिषदांचे ठराव, बिशपांच्या प्रश्नांना पोपांनी पाठवलेली उत्तरं (यांनाच डिक्रीटल म्हणतात), जुन्या धर्मपंडितांच्या लेखनातले उतारे, रोमन कायद्याचे तुकडे. ज्याला गरज पडली त्याने ते गोळा केले. इ. स. ५००च्या सुमारास रोममध्ये डायोनिसियस नावाच्या संन्याशाने ग्रीक ठराव लॅटिनमध्ये आणून एक संग्रह केला. इसवी सन मोजायची पद्धत सुरू करणारा तो हाच. पुढे ९०६च्या आसपास जर्मनीतल्या प्र्यूमच्या मठाधिपती रेजिनोने दौऱ्यावर निघालेल्या बिशपला हाताशी असावी अशी पुस्तिका केली, आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वर्म्सचा बिशप बुर्खार्ट याने वीस भागांचा संग्रह रचला. यांतला एकही पोप नव्हता.

मग ११४०च्या सुमारास इटलीतल्या बोलोन्यात ग्रेशियन हा चर्चच्या कायद्याचा पंडित आला. त्याच्या ग्रंथाचं मूळ नावच ‘परस्परविरोधी नियमांचा मेळ’ असं आहे. एकाच माणसाने आपल्या मर्जीने कायदा लिहिला असता, तर मेळ घालायला विरोध आला कुठून? ग्रेशियनची रीत अशी: एक कल्पित खटला मांडायचा, त्यातून प्रश्न काढायचे, दोन्ही बाजूंचे जुने आधार समोरासमोर ठेवायचे आणि मग स्वतः निवाडा सुचवायचा. एका खटल्यात एका उमरावाच्या मुलाची मागणी आली म्हणून एक खानदानी बाई लग्नाला होकार देते. त्याचं नाव सांगून दुसराच एक जण येतो, तोही दास, आणि तिच्याशी लग्न लावून मोकळा होतो. काही दिवसांनी खरा नवरदेव दारात उभा! आता हे लग्न झालं की नाही? ग्रेशियन माणसाबद्दलची चूक आणि माणसाच्या दर्जाबद्दलची चूक वेगळ्या काढतो आणि बाईच्या बाजूने उतरतो: तिने होकार दिला तो या माणसाला नव्हे.

पुढची कित्येक शतकं हा ग्रंथ विद्यापीठांत शिकवला गेला, न्यायालयांत उघडला गेला. पण त्या काळात कोणत्याही पोपने तो अधिकृत कायदा म्हणून जारी केला नाही. त्याचं वजन शिकवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी दिलेलं. शिवाय १९९०च्या दशकात अँडर्स विनरोथ या अभ्यासकाने हस्तलिखितांवरून दाखवून दिलं की ग्रंथाची आधीची आवृत्ती बरीच छोटी होती. आपल्याला माहीत असलेला ग्रंथ नंतर वाढत गेला.

पोप रीतसर मैदानात उतरले ते यानंतर. १२३४मध्ये नववे ग्रेगरी यांनी रेमंड ऑफ पेन्याफोर्ट या कायदेपंडिताकडून डिक्रीटलांचा संग्रह करवून घेतला. त्यात १,९७१ प्रकरणं होती, आणि तो जारी केला म्हणजे काय, तर बोलोन्या आणि पॅरिसच्या विद्यापीठांकडे पाठवला. १२९८मध्ये आठव्या बोनिफेसचा संग्रह आला, १३१७मध्ये पाचव्या क्लेमेंटचा. ग्रेगरींच्या संग्रहातही मोठा भाग कुणीतरी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचा.

‘बनावट कागद.’ हे अर्धं खरं, आणि लपवण्यासारखं काही नाही. नवव्या शतकाच्या मध्यावर फ्रँक राज्यात कुणीतरी पहिल्या शतकांतल्या पोपांच्या नावे ढीगभर पत्रं रचली आणि खऱ्या ठरावांत मिसळली. ‘इसिडोर’ हे संग्राहकाचं नावही बनावट. पण हे रोमचं काम नव्हतं; आपल्यावरचे आर्चबिशप आणि राजे यांच्यापासून बिशपांना वाचवणं हा मुख्य हेतू दिसतो. ग्रेशियनने यातले बरेच उतारे खरे समजून घेतले. १६२८मध्ये दाव्हीद ब्लोंदेल याने लबाडी पुराव्यानिशी सिद्ध केली. पण बाकीचे ठराव, पत्रं, रोमन कायद्याचे उतारे यांचं काय? ‘काही खोटं मिसळलं’ आणि ‘सगळं खोट्यावर उभं’ यांत फरक आहे.

‘आरोपीला बाजू नव्हती.’ उलट चर्चच्या कायद्याच्या पंडितांनी आरोपीला बोलावल्याशिवाय निकाल देऊ नये यासाठी थेट बायबलातली एदेन बाग गाठली. देवाला सगळं ठाऊक होतं, तरी त्याने ‘आदामा, तू कुठे आहेस?’ असं विचारलंच ना? मग पोपालाही समन्स न काढता निकाल देता येत नाही. हा युक्तिवाद १३००च्या आसपास कार्डिनल जाँ लमुआन याने केला, आणि दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष मानावा हेही त्याचंच सूत्र. तापलेलं लोखंड किंवा पाणी वापरून दोषी-निर्दोष ठरवणाऱ्या दिव्य-परीक्षेत धर्मगुरूंनी भाग घेऊ नये, असा ठराव १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केला. चेटकिणींचं म्हणाल तर ग्रेशियनच्या ग्रंथात नेमकं उलट आहे: रात्री डायना या रोमन देवीबरोबर स्वारीला जातो असं मानणाऱ्या बायकांचा तो भ्रम आहे.

पाखंड्यांच्या बाबतीत मात्र दावा करणाऱ्याला मी फार बोल लावणार नाही. ११९९मध्ये तिसऱ्या इनोसंटने पाखंड राजद्रोहाच्या पंगतीला नेऊन बसवलं, १२५२मध्ये चौथ्या इनोसंटने छळाला परवानगी दिली. सक्तीने बाप्तिस्मा देऊ नये हा नियम ग्रेशियनमध्ये आहे, पण त्याच उताऱ्यात पुढे असंही आहे की एकदा झाला, तर मागे फिरता येणार नाही. त्या दुसऱ्या अर्ध्याचं ओझं गोव्यातल्या कित्येक घरांनी १५६०मध्ये तिथे इन्क्विझिशन (पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) आल्यानंतर वाहिलं.

‘१७८९ने गाडला.’ लग्नाआधी चर्चमध्ये नावं जाहीर करायची आणि हरकती मागवायच्या, ही प्रथा सगळ्या चर्चला लागू केली १२१५च्याच परिषदेने. ती आजही वसईत आणि गोव्यात चालते. आणि पोपने जारी केलेलं एकच, क्रमांकवार कलमांचं पुस्तक? ते आलं १९१७मध्ये, २,४१४ कलमांचं.