सल्ला न देण्याचा नियम

आमचं बाळ सात आठवड्यांचं झालं तोवर घरात त्याच्यापेक्षा सल्ल्यांचंच वजन जास्त वाढलं होतं. टोपडं घाला. टोपडं काढा. पंखा एकवर ठेवा. आई सहाण मांडून जायफळ-वेखंड उगाळायला बसली, आणि डॉक्टरांनी तर बजावलेलं, पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आई म्हणाली, "याला मी गुटी दिलीच होती की. काय वाईट झालं याचं?" बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तिला कायद्याने 26 आठवड्यांची रजा. बापाच्या रजेबद्दल तो कायदा अवाक्षर काढत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असतो तर 15 दिवस मिळाले असते. आमच्या ऑफिसने 3 दिले, वर पेढे मागितले.

अशात कळलं, पुण्यात एरंडवण्याच्या कमला नेहरू पार्कात रविवारी सकाळी नवे आई-बाबा एकमेकांना धीर द्यायला जमतात. निघालो. पिशवीत दुपटी, लंगोट, जादा झबलं आणि त्या झबल्यासाठी जादा झबलं. कुलूप लावताना बाळाने दूध काढलं, ते माझ्या शर्टावर. शर्टासाठी जादा काही घेतलं नव्हतं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि सांगितलं, दृष्ट काढा.

सतरंजीवर सहा जोडपी. गट चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "इथे एकच नियम. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं." एरंडवण्यात, भर रविवारी सकाळी! बाईंच्या धाडसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

पहिला बाप म्हणाला, "आमचा दोन ते पाच जागा असतो." लगेच पलीकडून, "सल्ला नाही हं, पण ओव्याची पुरचुंडी..." ताईंनी बोट वर केलं. "नाही नाही, मी माझा अनुभव सांगतोय." झालं. पुढची वीस मिनिटं अनुभवाच्या नावाखाली सल्ल्यांचे ट्रकच्या ट्रक जकात चुकवून आत आले. त्यातले दोन माझे.

मग ताईंनी 10 प्रश्नांचा कागद वाटला. बाळंतिणीच्या मनाची तपासणी, 1987 सालची, एडिंबरोची. गेल्या 7 दिवसांत तुम्हाला हसू आलं का, इथपासून सुरुवात. कागद खरा आयांसाठी, पण मीही एक घेतला. मन उदास असल्यामुळे झोप लागायला त्रास होतो का? मी लिहिलं, झोपायला मिळालं की कळवतो.

कडेची एक मुलगी मात्र कागदाकडे नुसती बघत बसली होती. म्हणाली, "हे रडायला लागलं ना, की चप्पल घालून लांब कुठेतरी निघून जावंसं वाटतं."

कुणालाच अनुभव आठवला नाही.

माझी बायको सरकत सरकत तिच्याशेजारी गेली. "मी परवा वॉशिंग मशीन लावलं आणि बाथरूममध्ये बसून रडले," ती म्हणाली. "मशीन चालू असलं की ऐकू जात नाही." आम्ही दोन खोल्यांत राहतो. मला वाटत होतं, हल्ली कपडेच फार निघतात. ताई त्या मुलीला हळूच म्हणाल्या, "आपण दोघी नंतर बोलू. आज जायचं नाही तसंच." हा सल्लाच होता, पण कुणी बोट वर केलं नाही.

शेजारच्या बाकावर एक आजी मघापासून डोळे मिटून प्राणायाम करत होत्या, निदान आम्हाला तसं वाटत होतं. त्या उठल्या. "अगं, दे इकडं." सतरंजीवर पाय पसरले, तिचं बाळ पायांवर पालथं घेतलं, पाय हलवत पाठीवर थोपटलं. दोन मिनिटांत ते झोपलं, पाठोपाठ आमचंही. का, ते विचारू नका.

तेवढ्यात शिट्टी. "चला, बाग बंद!"

"ए, शिट्टी खिशात ठेव आधी," आजी दबक्या आवाजात कडाडल्या. "पोरं झोपलीयेत."

वॉचमनने शिट्टी खिशात घातली. पायांवरच्या बाळाकडे थोडा वेळ पाहत राहिला, आणि ताईंच्या कानाशी वाकून म्हणाला, "मॅडम, टोपडं घाला त्याला."