अरुंधतीला ते नाव का मिळालं

लग्नसराई आली की तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं: इतर जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो. फक्त वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती फिरतात. ऋषींना हे ठाऊक होतं म्हणून त्यांनी ही नावं दिली आणि लग्नात ते तारे दाखवायची प्रथा पाडली. पाश्चात्त्यांना मात्र दुर्बीण आल्यावर कळलं. परवा मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. फोनवर बोलणं झालं, पण नीट लिहून काढावंसं वाटलं, कारण यात आकाशही चुकलंय आणि आपले ग्रंथही.

एक स्थिर, एक फिरता असे जोडतारे कुठेच नसतात. दोन्ही तारे त्यांच्या सामायिक गुरुत्वमध्याभोवती फिरतात; जड ताऱ्याचा फेरा लहान, हलक्याचा मोठा. लुब्धक, म्हणजे व्याधाचा तारा, आणि त्याचा सोबती असेच सुमारे ५० वर्षांत एक फेरी पुरी करतात. वसिष्ठ आणि अरुंधती आपल्यापासून ८० प्रकाशवर्षांच्या आसपास आहेत, पण एकमेकांपासून इतके दूर की गुरुत्वाने बांधलेले असले तरी एका फेरीला लाखो वर्षं लागतील. हे फिरणं नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

दुर्बिणीचं म्हणाल, तर हे दोन तारे वेगळे दिसायला ती लागतच नाही. अरबांनी अरुंधतीला ‘सुहा’ म्हटलं, म्हणजे दुर्लक्षित राहिलेली, आणि तिच्यावर नजरेची परीक्षा घेतली. दुर्बिणीने सतराव्या शतकात दाखवलं ते वेगळंच: एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा आहे. पुढे १८८९ मध्ये वर्णपटावरून त्यातल्या एकाचेही दोन निघाले.

आता नावं. मला सगळ्यात जास्त हा भाग सांगायचा आहे, कारण त्या मजकुरात तो पुसूनच टाकलाय. वसिष्ठ ज्यांतला एक आहे, त्या सप्तर्षींच्या सात ताऱ्यांना आधी ऋषी म्हणत नसत. ऋग्वेदात रात्री उंचावर दिसणारे ‘ऋक्ष’ येतात, आणि शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ तर स्पष्टच सांगतो की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष, म्हणजे अस्वलं, म्हणत. ग्रीकांनाही याच ताऱ्यांत अस्वल दिसलं. ऋक्षांचे ऋषी झाले ते नंतर, आणि कोणते सात हेही एका झटक्यात ठरलं नाही. बृहदारण्यक उपनिषदातल्या यादीत गौतम, भरद्वाज, विश्वामित्र, जमदग्नी, वसिष्ठ, कश्यप आणि अत्री. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर मात्र पूर्वेकडून मोजत मरीची, वसिष्ठ, अंगिरस, अत्री, पुलस्त्य, पुलह, क्रतू अशी नावं देतो. दोन्हींत सामाईक फक्त वसिष्ठ आणि अत्री. अरुंधतीबद्दल तो म्हणतो, ती साध्वी वसिष्ठाच्या आश्रयाला आहे. तेजस्वी ताऱ्याला बिलगलेला मंद तारा: नावामागे डोळ्यांना दिसलेलं हे जवळपण आहे. भ्रमणाचा उल्लेखही नाही.

लग्नातल्या प्रथेचं कारण गृह्यसूत्रांतच, म्हणजे घरगुती विधींच्या प्राचीन नियमग्रंथांतच, आहे. त्यांतल्या एकाचा कर्ता आश्वलायन सांगतो की वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहून मौन सोडावं आणि म्हणावं, माझा पती जिवंत राहो, मला संतती होवो. गोभिलाच्या सूत्रात अरुंधतीकडे पाहून ती म्हणते, ‘रुद्धाहमस्मि’, मी बांधली गेले आहे. अरुंधती आणि रुद्धा, असा शब्दांचा खेळ आहे तो. पाहते ती वधू, बांधली जाते तीही वधूच. यात नवराबायकोची बरोबरी शोधणाऱ्यांनी मूळ वाक्य वाचावं.

आपल्या लोकांनी आकाश खरंच बारकाईने पाहिलं होतं, याचा पुरावा ‘अरुंधतीदर्शन न्याया’त आहे. मंद तारा एकदम सापडत नाही, म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा आणि मग नजर तिच्यावर सरकवायची. गेल्या मे महिन्यात गच्चीवर भाचीला मी तसंच दाखवलं. उत्तरेला तोंड, सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा, आणि त्याला खेटून, पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर, एक बारीक ठिपका. चष्मा पुसून ती दोन मिनिटं बघत राहिली आणि मग ओरडली, “आहे!”

मामा, मार्गशीर्षातल्या लग्नात संध्याकाळी गुरुजी उत्तरेकडे बोट दाखवतात, तेव्हा सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. मेमध्ये या, गच्चीवर जाऊ.