‘पेशंट स्टेबल आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठीत छोटे ऑनलाइन पाठ असावेत, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण कळवले आहे की आपले थोरले बंधू २२ दिवस आयसीयूत होते, त्या काळात आपल्याला मोबाइल हातात घेण्याचेही भान नव्हते, डॉक्टरांनी शेजारी बसून पाच मिनिटे बोलावे एवढीच अपेक्षा होती आणि तीही पुरी झाली नाही. अशा माणसाला ‘व्हिडिओ पाहा’ म्हणून सांगणे म्हणजे रुग्णालयाने आपली जबाबदारी झटकणे होय, असे आपले म्हणणे आहे. शिवाय अर्धवट माहितीच्या जोरावर नातेवाईक डॉक्टरांशी हुज्जत घालतील, अशी भीतीही आपण व्यक्त केली आहे. पहिला आक्षेप सांगतो की कोणी पाहणार नाही, दुसरा सांगतो की लोक नको तितके पाहतील. पण १९ वर्षे आयसीयूत परिचारिका म्हणून काढल्यावर मला त्यात विसंगती वाटत नाही. तीन दिवस ज्याने फोनला हात लावलेला नसतो, तोच चौथ्या रात्री तीन वाजता जिन्याच्या पायरीवर बसून ‘क्रिएटिनिन ४.८ म्हणजे काय’ असे शोधत असतो, आणि त्या वेळी त्याला जे सापडते ते बहुधा इंग्रजीत असते किंवा भीती घालणारे असते.

बंधूंच्या बाबतीत जे घडले त्याचे समर्थन मी करणार नाही. डॉक्टरांनी बोलायलाच हवे होते. माझा मुद्दा त्या बोलण्याच्या आधीचा आहे. एक प्रसंग सांगते. पन्नाशीतल्या एका शेतकऱ्याला न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर ठेवले होते. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी डॉक्टर त्याच्या पत्नीला म्हणाले, “पेशंट स्टेबल आहे.” बाईंनी पदराने डोळे पुसले, बाहेर येऊन गावी फोन लावला आणि सोबतच्या दिराला ऊसतोडीसाठी परत पाठवून दिले. पहाटे रुग्ण दगावला. त्यानंतर त्या बाईंनी मला एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारला, “काल तर स्टेबल होते ना?” डॉक्टर खोटे बोलले नव्हते. रक्तदाब टिकवणारे औषध आणि यंत्रातला प्राणवायू दोन्ही आदल्या दिवशी होते तेवढ्यावरच होते, म्हणजे कालच्यापेक्षा बिघाड नाही, एवढाच त्यांच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ होता; ऐकणाऱ्या बाईंच्या लेखी मात्र धोका टळला होता. डॉक्टर तिथे पाच मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटे बोलले असते, तरी तो एक शब्द उलगडला नसता तर फरक पडला नसता.

असे शब्द आधीच उलगडून ठेवल्याने काय होते, याचा पुरावा जुना आहे आणि त्यासाठी इंटरनेटही लागले नव्हते. फ्रान्समधील ३४ अतिदक्षता विभागांत निम्म्या कुटुंबांना एक साधे पत्रक देऊन तुलना करण्यात आली आणि २००२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पत्रकावर विभागाची माहिती, रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, खाटेभोवतीच्या यंत्रांची नावे दाखवणारे चित्र आणि नेहमी कानावर पडणाऱ्या १२ शब्दांचे अर्थ होते. नुसत्या तोंडी सांगण्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांत ४०.९ टक्के लोकांना रुग्णाची स्थिती नीट कळलेली नव्हती. पत्रक मिळालेल्यांत हे प्रमाण ११.५ टक्के होते. डॉक्टरांचे बोलणे दोन्हीकडे होतेच, हे कृपया लक्षात घ्यावे. पत्रकाने ते बोलणे पोहोचवले.

आता आपल्या बाजूचे पुरावेही मांडते, कारण मागच्या लेखात मी ते वगळले होते आणि ती माझी चूक होती. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना निर्णय घेण्यास मदत व्हावी म्हणून अमेरिकेत संगणकावर पाहण्याचे एक साधन तयार करून तपासण्यात आले. रुग्णाचे पुढे काय होईल याविषयी डॉक्टर आणि नातेवाईक यांच्या अंदाजातील अंतर त्याने कमी झाले नाही, असे २०१९ मध्ये दिसून आले. त्याआधी २०१६ मध्ये तिथल्याच एका चाचणीत याहून अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली होती : अशाच रुग्णांच्या कुटुंबीयांशी वेदनाशमन व आधारसेवेतील तज्ज्ञांनी मुद्दाम बैठका घेऊनही त्यांची चिंता कमी झाली नाही, उलट आघातोत्तर तणावाची लक्षणे त्यांच्यात अधिक दिसली. यंत्राचे नाव समजावणे आणि ‘यांचे पुढे काय’ हे सांगणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसरे काम पडद्यावर ढकलू नये, ते रुग्णाला रोज पाहणाऱ्या डॉक्टरांनीच करावे, या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे.

अर्धवट माहितीविषयी मात्र माझा अनुभव वेगळा आहे. नातेवाईक कोऱ्या पाटीने येत नाहीत. ‘मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकले, याची गणती नाही. बिलांचे आकडे पाहता तो संशय हवेतून आलेला नाही, हेही मी मान्य करते. परंतु व्हेंटिलेटर फक्त फुप्फुसांत हवा ढकलतो, हृदय चालवणे त्याच्या हातात नसते, आणि हृदय थांबल्यावर यंत्राने छाती वरखाली होत राहिली तरी मॉनिटरवरील आलेख आडवा होतो, हे कोणी चित्र काढून दाखवले तर संशय पुष्कळसा निवळतो. मेंदूमृत्यूत, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबल्यावर, मात्र यंत्राच्या आधारावर हृदय काही काळ धडधडत राहते. तो भाग अवघड असल्याने त्याचा पाठ स्वतंत्र हवा.

हुज्जतीचे म्हणाल, तर सर्वांत कडवट वाद मी खाटेशी बसलेल्या माणसांकडून ऐकले नाहीत, दूरच्यांकडून ऐकले. आईजवळ धाकटी मुलगी १५ दिवस असते. मोठा मुलगा न्यू जर्सीहून फोन करतो, स्पीकरवर डॉक्टरांची उलटतपासणी घेतो आणि बहिणीने काल केलेली सही आज चुकीची ठरवतो. त्याच्या मनातील अपराधी भाव समजण्यासारखा आहे. त्याच्याजवळ फोनही आहे, वेळही आहे, फक्त आतले दृश्य त्याने पाहिलेले नाही. ऑनलाइन पाठ मला आधी हवा आहे तो त्याच्यासाठी.

आणखी एक दृश्य आपण कदाचित पाहिले असेल. आयुष्यात कधी शिवी न दिलेले वडील सहाव्या दिवशी नाकातली नळी उपसतात, मुलाला ‘तू मला विकायला आणलेस’ म्हणतात, आणि मुलगा आत येतो तेव्हा त्यांचे हात खाटेच्या कठड्याला पट्टीने बांधलेले असतात. याला, म्हणजे गंभीर आजारात अचानक उडणाऱ्या मनाच्या गोंधळाला, डिलिरियम म्हणतात. अतिदक्षता विभागात तो नित्याचा आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ओसरतो. हे आदल्या दिवशी माहीत असलेला मुलगा चष्मा आणि कानातले यंत्र घेऊन येतो, वार आणि तारीख सांगत राहतो, आणि बांधण्याऐवजी दुसरे काही करता येईल का, हे सिस्टरना विचारतो. माहीत नसलेला मुलगा जिन्यात जाऊन रडतो.

सुटी झाल्यानंतरच्या काळाबद्दल आपल्या प्रतिक्रियेत काही नाही, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली) नळी असलेला माणूस घरी नेताना कफ ओढून घेणारी सक्शनची नळी किती आत घालायची, नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबने भरवताना डोक्याकडची बाजू किती उचलायची, दर दोन तासांनी कुशीवर वळवताना घोट्याखाली काय ठेवायचे, हे सुनेला निघायच्या दिवशी औषधांच्या पिशव्या सांभाळत एकदाच दाखवले जाते. तिथे तोंडी सूचना आणि कागद दोन्ही अपुरे पडतात. हाताची हालचाल पुन:पुन्हा पाहता यावी लागते, आणि ती रात्री अकरा वाजता पाहता यावी लागते.

आपल्या टीकेनंतर मी केलेला बदल सांगते. व्हेंटिलेटरवरचा १४ मिनिटांचा व्हिडिओ मी काढून टाकला आहे. त्याच्या जागी दीड मिनिटाची ध्वनिफीत केली आहे, जी डोळे मिटूनही ऐकता येईल. तिच्या शेवटी वहीत लिहून घेण्यासाठी तीन प्रश्न आहेत : कालच्यापेक्षा आज काय बदलले, कोणत्या औषधाचा किंवा यंत्राचा आधार वाढवला की कमी केला, आणि येत्या दोन दिवसांत आपण कशाची वाट पाहत आहात. घाईतल्या राउंडमध्येही डॉक्टरांना यांची उत्तरे देता येतात, आणि ते टाळत असतील तर टाळतात हे तरी कळते.

शब्दांची यादी अजून चालू आहे. ‘स्टेबल’, ‘सेडेशन’ (औषधाने गुंगीत ठेवणे), ‘वीनिंग’ (व्हेंटिलेटरचा आधार हळूहळू काढणे), ‘सपोर्ट वाढवला’ असे नऊ शब्द झाले आहेत. त्या २२ दिवसांत आपल्या कानावर पडलेला आणि शेवटपर्यंत न उलगडलेला एखादा शब्द असेल, तर जमेल तेव्हा तो मला कळवावा.