दाढेतला स्क्रू डोळ्यांपर्यंत पोचत नाही

कराडच्या मावशीचा फोन रविवारचा ठरलेला. या वेळी बुधवारी दुपारीच आला, माझ्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला असताना. "अगं, तू लोकांच्या जबड्यात स्क्रू ठोकतेस ना? मग मी पाठवलंय ते वाच आधी."

संध्याकाळी वाचलं. ‘इम्प्लांट करण्याआधी हे वाचा, डोळे उघडतील’ असं शीर्षक, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मजकूर थोडक्यात असा: इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात तो स्क्रू, हा नवा प्रयोग आहे आणि आपण त्यातले ससे. शरीर धातू स्वीकारत नाही, पुढे कॅन्सर होतो. वरच्या दाढेत स्क्रू घातला की नजर जाते. नंतर एमआरआय करता येत नाही. शुगरवाल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी तर नावच काढू नये. ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधारावर बसवलेला खोटा दात, निम्म्या पैशात होतो आणि काम तेच करतो. डॉक्टर चांगले दात काढून इम्प्लांट विकतात. आणि शेवटी, जपानमध्ये दात उगवायचं औषध आलंय, थोडं थांबा.

मी दंतवैद्य आहे, इम्प्लांट बसवते आणि त्याचे पैसे घेते. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबानंच वाचा.

सशांपासून सुरुवात करू, कारण ससे खरंच होते. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनमार्क हे संशोधक हाडातला रक्तप्रवाह बघण्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळकांडी बसवत होते. काम संपलं की नळकांडं काढून पुन्हा वापरायचं, असा बेत. पण ते निघेचना. हाड धातूला इतकं घट्ट धरून बसलं होतं की ओढून काढायचं तर हाडच मोडायचं. दातांच्या इम्प्लांटचा पाया तो. १९६५ साली ग्योस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी चार इम्प्लांट बसवले. २००६ साली लार्सन वारले, तोवर चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी ते वापरले. एका माणसावरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही हे खरं, पण साठ वर्षं चाललेल्या गोष्टीला नवा प्रयोग कोणी म्हणत नाही. गंमत म्हणजे फार काळ खुद्द दंतवैद्यांनाच हे पटत नव्हतं. १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत ब्रोनमार्क यांनी आपली माहिती मांडली, तेव्हा कुठे बाकीचं जग वळलं.

आता ‘शरीर धातू स्वीकारत नाही’. मूत्रपिंड बदललं की शरीर ते परकं म्हणून नाकारू शकतं, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे आणि तीच इथे लावली जाते. टायटॅनियमचं तसं नसतं. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि शरीराची गाठ धातूशी न पडता त्या थराशी पडते. खुब्याचा सांधा बदलताना, मोडलेलं हाड जोडताना हाच धातू वापरतात. इम्प्लांट निकामी होतात, पण त्याची कारणं साधी असतात: जंतुसंसर्ग झाला, हाड भरून यायच्या आत स्क्रू हलत राहिला, किंवा भोक पाडताना हाड तापलं. हाडाला ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर जरी ठेवलं तरी ते दगावू लागतं. म्हणून तर आम्ही कमी वेगानं आणि गार सलाईनच्या धारेखाली ड्रिल चालवतो. पेशंटला वाटतं, एवढं पाणी कशाला तोंडात सोडतात!

कॅन्सरचं म्हणाल तर टायटॅनियमच्या इम्प्लांटमुळे तो होतो असा पुरावा नाही. जगात लाखो लोकांच्या तोंडात ते आहेत. इम्प्लांटजवळ कॅन्सर आढळल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना आधी तोंडाचा कॅन्सर झालेला होता किंवा पांढरे चट्टे होते. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की इम्प्लांटभोवतीची जखम दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल तर नुसत्या गुळण्या करत बसू नका, तुकडा काढून तपासून घ्या.

डोळ्यांचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. ही समजूत इम्प्लांटच्या कितीतरी आधीची आहे. आमच्या घरात वरची दाढ काढायची म्हटली की आजी आडवी पडायची, ‘डोळ्याची शीर तुटेल’ म्हणून. वरच्या दातांना संवेदना देणारी नस मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या जोडीतली, आणि दिसण्याची नस दुसऱ्या जोडीतली. दोघींचे रस्तेच वेगळे. मग समज आला कुठून? दाढा काढायची वेळ साधारण चाळिशीच्या पुढे येते, आणि जवळचं वाचायला चष्मा लागायची वेळही तीच. त्या चष्म्याला आपण चाळिशीच म्हणतो की! दाढ गेली, वर्षभरात चाळिशी लागली, आणि दोष दाढेवर गेला.

वाईट एवढंच वाटतं, की नसलेल्या धोक्यावर पाच ओळी लिहिणाऱ्यानं असलेल्या धोक्यावर एकही लिहिली नाही. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस जाते. भोक तिच्यापर्यंत गेलं तर खालचा ओठ बधिर होतो, कधी काही आठवडे, कधी कायमचा. वरच्या दाढांच्या डोक्यावर वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी (सायनस) असते. तिथे हाड पातळ असेल तर स्क्रू आत घुसू शकतो. हे टाळण्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं सगळ्या बाजूंनी चित्र दाखवणारा स्कॅन काढून मिलिमीटरमध्ये मोजमाप घेतात आणि नसेपासून किमान २ मिलिमीटर लांब राहतात. इम्प्लांट असतो ८ ते १३ मिलिमीटर लांब, तेव्हा दोन मिलिमीटर ही चैन नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी स्कॅन न काढता मागच्या दाढेची तारीख दिली, तर थांबून विचारा. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

एमआरआयचं दोन ओळीत संपतं. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे एमआरआय करता येतो. जबड्याजवळचं चित्र थोडं फिसकटतं एवढंच. कवळी चुंबकानं अडकवलेली असेल तर मात्र आधी सांगा आणि ती काढून जा.

साखर आणि वय. साखर ताब्यात असेल तर इम्प्लांट करता येतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसी ८-९ च्या पुढे असेल तर मी स्वतः थांबवते, कारण जखम भरत नाही. वयाला वरची मर्यादा नाही. खालची आहे, आणि ती मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. चौदा वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात सायकलवरून पडून गेला की आईबाप लगेच इम्प्लांटचं विचारतात. पण त्याचा जबडा अजून वाढतोय. बाजूचे दात वाढीबरोबर खाली सरकतात आणि इम्प्लांट हाडात घट्ट बसल्यामुळे जिथल्या तिथे राहतो. चार वर्षांनी तो दात आखूड दिसायला लागतो. तोवर तात्पुरता दात लावून थांबणंच बरं.

खरी अडचण वेगळ्याच लोकांची असते. जबड्याला रेडिएशन घेतलेले. कॅन्सर हाडात गेल्यामुळे किंवा हाडं ठिसूळ झाल्यामुळे झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं घेणारे. त्यांच्यात जबड्याचं हाड उघडं पडून मरू शकतं, म्हणून हे औषध चालू असल्याचं दंतवैद्याला न विचारता सांगावं. आणि तंबाखूवाले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे. गुटखा-सुपारीवाल्यांची तर आणखी निराळी गत: गाल आतून आखडतात, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, मग मागच्या दाढेपर्यंत ड्रिल न्यायचं कसं?

ब्रिज तेच काम करतो का? चावायचं काम करतो. पण एका गेलेल्या दातासाठी बाजूचे दोन चांगले दात कोरावे लागतात आणि कोरलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, परत येत नाही. शिवाय मधल्या रिकाम्या जागेतलं हाड झिजत राहतं. उलट, बाजूच्या दोन्ही दातांना रूट कॅनाल होऊन आधीच कॅप लागणार असतील, तर ब्रिजच शहाणपणाचा. अशा वेळी मीही तोच सुचवते. आणि सगळ्यात मागची एकच दाढ गेली, बाकीच्या दातांनी नीट चावता येतंय, तर काहीच न करणं हाही एक पर्याय असतो. त्या रिकाम्या जागेसमोरचा (वरचा किंवा खालचा) दात लांबत नाही ना, एवढं अधूनमधून बघायचं. या सल्ल्याचे पैसे मिळत नसल्यामुळे तो कमी ऐकू येतो.

यावरून फॉरवर्डमधल्या खऱ्या वाक्याकडे येऊ: डॉक्टर चांगले दात काढून इम्प्लांट विकतात. ‘सगळे’ म्हटलं तर खोटं, ‘काही’ म्हटलं तर खरं. रूट कॅनाल करून, हिरड्यांचा इलाज करून जे दात वाचले असते ते काढलेले पेशंट माझ्याकडे आलेत. ‘तीन दिवसांत पक्के दात, आजीवन गॅरंटी’ हे फलकही मी रोज बघते. ठरावीक पेशंटमध्ये, स्क्रू पहिल्या दिवशीच पुरेसा घट्ट बसला, तर लगेच दात देता येतात. पण हाड तीन दिवसांत भरत नाही. त्याला महिनेच लागतात. दहा वर्षांनी शंभरातले साधारण ९५ इम्प्लांट जागेवर असतात, हा आकडा उत्तमच आहे. पण ‘जागेवर’ म्हणजे ‘निरोगी’ नव्हे. इम्प्लांटभोवती हाड झिजवणारा आजार होतो, आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्याचा भाऊच, आणि तो इम्प्लांटवाल्या पाचांतल्या साधारण एकाला गाठतो. नैसर्गिक दात आणि हाडामध्ये तंतूंची गादी असते, तिच्यामुळे भातातला खडा लगेच कळतो. इम्प्लांटला ती गादी नाही, त्यामुळे दुखून वेळेवर खबर मिळेलच असं नाही. म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला यायचं असतं. कंपनीची गॅरंटी धातूच्या तुकड्याची असते, तुमच्या हाडाची कोणीच देत नाही.

आणखी एक. बसवलेल्या इम्प्लांटची कंपनी, माप आणि पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या, घरच्या फाइलीत लावून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात कॅप सैल झाली, तर आतला स्क्रू कुठल्या कंपनीचा हे कळल्याशिवाय तिथला डॉक्टर काही करू शकत नाही. एका कंपनीचा पाना दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूला बसेलच असं नसतं.

राहिलं जपान. बातमी खोटी नाही, फक्त अर्धी आहे. दातांची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारं औषध क्योटोच्या संशोधकांनी बनवलं आहे. उंदरांत आणि फेरेट या छोट्या प्राण्यांत त्यानं दात आले. २०२४ साली क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, ती मुख्यतः औषध सुरक्षित आहे का हे बघण्यासाठी. ते आधी द्यायचं आहे जन्मतःच दात नसलेल्यांना, आणि २०३० हे वर्ष संशोधकांचं उद्दिष्ट आहे, दुकानात यायची तारीख नव्हे. यशस्वी झालं तर सगळ्यात आधी पेढे मी वाटेन. पण दात काढल्यावर त्या जागेच्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्म्यानं घटू शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतली. जपानच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्याला पुढे इम्प्लांटच करायचा झाला, तर आधी हाड भरायचा खर्च येतो.

हे सगळं मी रविवारी मावशीला फोनवर सांगितलं. तिची खालची कवळी बोलताना उडते, भाकरी तर ती तीन वर्षांपासून आमटीत कुस्करूनच खाते. खालच्या पूर्ण कवळीसाठी पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून कवळी त्यांवर बटणासारखी अडकवायची, हा पर्याय पहिल्यांदा सुचवावा असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच म्हटलं होतं. सगळे दात स्क्रूवर उभे करायची गरज नाही, खर्चही त्या मानानं पुष्कळ कमी.

"म्हणजे करू म्हणतेस?"

"आधी शुगरचा रिपोर्ट पाठव. आणि मावशी, मिश्री बंद करावी लागेल."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "ते जपानचं औषध नक्की कधी येणार म्हणालीस?"