झाडाचे रबर, लायक्रा आणि खोबरेल तेल

साताऱ्यातल्या महिला मंडळांच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : कपड्यांत नैसर्गिक रबराचेच इलॅस्टिक घालावे, कारण ते झाडाच्या चिकापासून बनते, त्वचेला कधीच बाधत नाही आणि फेकले तर कापसासारखे मातीत मिसळते, सिंथेटिक रबर म्हणजेच लायक्रा, आणि ते विषारी प्लास्टिक आहे, इलॅस्टिक सैल पडू लागले तर खोबरेल तेलाचा हात फिरवावा, ते पुन्हा नव्यासारखे होते. मोती चौकाजवळ शिलाईचे साहित्य विकण्यात माझी २२ वर्षे गेली आहेत. हा संदेश दाखवून इलॅस्टिक मागणाऱ्या गिऱ्हाइकांना गर्दीच्या वेळी जे नीट सांगता येत नाही, ते येथे लिहितो.

तेलापासून सुरुवात करतो, कारण तिथे नुकसान लगेच होते. नैसर्गिक रबर तेल शोषते, फुगते आणि त्याची ताकद जाते. खात्री करून घ्यायची असेल तर एकाच पाकिटातले दोन रबरबँड घ्यावेत आणि त्यांतला एक रात्रभर वाटीतल्या खोबरेल तेलात बुडवून ठेवावा. सकाळी तो पुसून कोरड्याशेजारी ठेवला तर जाड आणि लांब झालेला दिसतो, बोटांना बुळबुळीत लागतो आणि ताणला की दुसऱ्याच्या आधी तुटतो. मुलींच्या वेण्यांना लावलेली साधी रबरे लवकर खराब होतात, त्यात केसांच्या तेलाचा वाटा मोठा असतो. तेलापुढे टिकावे म्हणून तर काही सिंथेटिक रबरे वापरात आली. निओप्रीन हे त्यांपैकी एक. १९३० मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले आणि पुढे पाणबुड्यांच्या पोशाखाचे कापड त्यापासून होऊ लागले.

चीक झाडाचा असतो हे खरे आहे, पण इलॅस्टिक झाडावर तयार होत नाही. कच्चे रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने ताठरते. १८२३ मध्ये स्कॉटलंडचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून पाणी न झिरपणारे कापड केले, तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली. ती सुटली १८३९ मध्ये अमेरिकेतले संशोधक चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांचा उपयोग उमगल्यावर. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, म्हणून पट्टी ताणून सोडली की ती मूळ जागी परतते. आणि त्याच बांधणीमुळे मातीतल्या जिवाणूंना ती सहजासहजी फोडता येत नाही. कापसाची चिंधी उकिरड्यात कुजून जाते, रबराच्या धाग्याला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो.

त्वचेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. रबराच्या चिकात प्रथिने असतात आणि काही माणसांना त्यांचीच ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत तिची मजल जाऊ शकते. लॅटेक्सच्या, म्हणजे याच चिकाच्या, हातमोज्यांतली पावडर ही प्रथिने हवेत पसरवते, आणि अमेरिकेने २०१७ मध्ये वैद्यकीय वापराच्या पावडरच्या हातमोज्यांवर बंदी घातली त्यामागचे एक कारण हेच होते. लॅटेक्सऐवजी ज्या नायट्राइल हातमोज्यांचा वापर होतो, ते सिंथेटिक रबरच असते. रबर पक्के करताना वापरलेल्या इतर रसायनांनीही पुरळ येऊ शकते, पण ती रसायने दोन्ही प्रकारांत असतात. कमरेवरची बहुतेक खाज मात्र घट्ट पट्टी आणि साचलेला घाम यांची असते, असे मला वाटते.

लायक्रा हे रबरच नव्हे. ते पॉलियुरेथेन नावाच्या वेगळ्या कृत्रिम पदार्थाचे असते आणि १९५८ मध्ये ड्यू पाँटच्या शिव्हर्स यांनी ते तयार केले. त्याचा धागा फार बारीक निघतो, म्हणून तो थेट कापडातच विणता येतो. रबराचा धागा जाड असतो, त्यावर बहुधा सुताचे वेष्टन चढवावे लागते, आणि शिलाई मशिनची सुई त्यातून गेली तर तो तुटून आत ओढला जातो. मग पट्टीवर तेवढीच एक सैल जागा राहते. ‘सिंथेटिक’ या एका शब्दात इतके वेगवेगळे पदार्थ येतात की सगळ्यांना मिळून विषारी म्हणणे चूकच आहे. त्यांत सिंथेटिक पॉलिआयसोप्रीनही येते. त्याची रेणूरचना झाडाच्या रबरासारखीच असते, फक्त चिकातली प्रथिने त्यात नसतात.

संदेशात एक गोष्ट बरोबर आहे. झाडाचे रबर पुन्हा पुन्हा मिळते, सिंथेटिक रबर मुख्यतः खनिज तेलापासून होते. आणि खूप ताणून पुरते परतण्यात चांगले नैसर्गिक रबर आजही सरस आहे. घट्ट, रुंद पट्टी हवी असेल तर मी स्वतः तेच देतो.

ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी शिंप्याला आधी सांगावे आणि पट्टीचे कापलेले टोक उसवून पाहावे. आतला धागा जाड, एकसंध आणि बहुधा चौकोनी असेल तर ते रबर. पांढऱ्या, अतिबारीक तंतूंचा झुपका असेल तर ते लायक्राच्या जातीचे.