मनातल्या मनात कापाकापी

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला सेक्शनल व्ह्यू शिकवताना सर म्हणाले होते, "वस्तू मधोमध कापली असं समजा, पुढचा अर्धा भाग बाजूला करा आणि आत काय दिसतं ते काढा." मी पडलो आज्ञाधारक. फ्रंट व्ह्यूमध्ये ब्रॅकेट कापला आणि आता उरलाच अर्धा, म्हणून टॉप व्ह्यूचा खालचा अर्धा भागही खोडरबराने साफ केला.

सर शीटकडे बघतच राहिले. "अरे, खरंच कापायचं नसतं! कापणं त्या एका व्ह्यूपुरतं. टॉप व्ह्यूमध्ये वस्तू धडधाकट. तिथे फक्त कुठून कापली ती रेघ आणि कुठल्या दिशेने बघतोय ते बाण."

म्हणजे समोरून अर्धी, वरून अख्खी! हे पचवायला मला दोन रात्री लागल्या.

तिसऱ्या रात्री साबणाची वडी घेतली आणि ब्लेडने तोच ब्रॅकेट कोरला. खाली तळ, त्याला आरपार भोक, मागे उभी भिंत, दोघांना धरून ठेवणारी पातळ तिरकी रिब. मग मधोमध काप घेऊन कापलेली बाजू शिक्क्याच्या पॅडवर दाबली आणि कागदावर उठवली. ब्लेड साबणातून गेलं तिथे निळं, भोक होतं तिथे कोरं. निळं तिथे हॅचिंग, म्हणजे कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा! भोकाच्या मागच्या कडा तेवढ्या रेघेने दाखवायच्या. शिवाय आतलं सगळं उघड्यावर आल्याने लपलेल्या कडा दाखवणाऱ्या त्या छळवादी तुटक रेघाही गाळायच्या. रात्री दीड वाजता मला माझा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी रिबवर लाल फुली.

"रिब लांबीच्या दिशेने कापली तर हॅच करायची नाही."

"पण सर, शाई तिथेही लागली होती!"

"कसली शाई?"

विषय वाढवला नाही. पातळ रिबवर हॅचिंग केलं तर तो सगळा भाग भरीव ठोकळा वाटतो, असं कारण त्यांनी दिलं. ते पटलं. पण बोल्ट, रिवेट, शाफ्ट यांनाही तीच सूट! आडवे कापले तर हॅचिंग, लांबीने कापले तर अंगाला धक्का नाही. आत बघण्यासारखं काही नाही, एवढ्या भांडवलावर ही मंडळी करवतीतून सहीसलामत सुटतात.

खरा घाम काढतं ते हॅचिंग. 45 अंश, बारीक रेघा, अंतर साधारण 2 ते 3 मिलिमीटर, सगळीकडे सारखं. पहिल्या दहा रेघा शिस्तीत येतात, मग अंतर जांभईसारखं मोठं होत जातं. त्यात असेंब्लीतल्या, म्हणजे जोडून बसवलेल्या वस्तूतल्या, शेजारच्या भागाचं हॅचिंग उलट दिशेने. दोन शेजारी पाठ फिरवून बसल्यासारखे. माझा आवडता भाग गॅस्केट, दोन भागांच्या सांध्यात बसणारं अस्तर. इतकं पातळ की सरळ काळं भरून टाकायचं.

हाफ सेक्शनमध्ये, म्हणजे अर्धी बाजू कापलेली आणि अर्धी तशीच दाखवतात तिथे, दोन भागांच्या मध्ये सेंटर लाइनच (मधोमधची बारीक लांब-आखूड रेघ) ठेवायची, जाड रेघ नाही. मी जाड मारली होती. त्याबद्दल बोलायला नको.

उरलेला अर्धा साबण मात्र मी गुपचूप बाथरूममध्ये परत ठेवला होता. धाकटा भाऊ आंघोळ करून आला तो गालावर निळा पट्टा घेऊन. आईने मला हाक मारली. मी जवळ जाऊन नीट पाहिलं. पट्टा चांगला साठ अंशांत होता. सरांनी पुन्हा काढायला लावला असता.